भूगोलाचं ध्वनिमुद्रण : प्रकल्प नोंदी

२ जून

काम ठरलं. दहावीचा भूगोल, मराठी माध्यम, पूर्ण पुस्तक, दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी. मागच्या वर्षी इतिहासाचं पुस्तक वाचकांनी आपापल्या घरी मोबाईलवर वाचून पाठवलं होतं. कुणाच्या मागे कुकरच्या शिट्ट्या, कुणाच्या मागे मालिका, आणि आवाजाची पातळी दर धड्याला वेगळी. ते सगळं एकसारखं करताना नाकी नऊ आले. यंदा एक खोली, एक माइक, एक लॅपटॉप.

वाचनालयाने संदर्भ विभागाची खोली दुपारी २ ते ५ दिली आहे. तिन्ही भिंतींना छतापर्यंत पुस्तकं, त्यामुळे आवाज घुमत नाही. अडचण एवढीच की गाव मिरज आहे. जंक्शनवरच्या गाड्यांचे भोंगे इथवर येतात, आणि मागच्या गल्लीत तंतुवाद्यांचे कारागीर. दुपारी कुणीतरी तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला असतो. ऐकायला सुरेख, पण ब्राझीलच्या पर्जन्यमानामागे नको.

माणसं अशी: वाचायला काकू, निवृत्त शिक्षिका, आयुष्यभर भूगोलच शिकवला. संपादनाला दादा. त्याला अजिबात दिसत नाही. एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम लावून तो संगणक चालवतो, आणि आमच्यापेक्षा भराभर चालवतो. लॅपटॉपवर मी. काकूंना जमणार नाही त्या दिवशी एक कॉलेजचा मुलगा वाचेल.

आवाज रेकॉर्ड करायचं आणि कापायचं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, आवृत्ती ३.७. फुकट आहे हे एक कारण. खरं कारण दादा: त्यात माऊसला हात न लावता जवळजवळ सगळं करता येतं.

४ जून

पहिली बैठक. रेकॉर्डिंग थोडं, शिकणं जास्त.

वरच्या पट्टीवरची बटणं सगळ्यांनाच ओळखीची वाटतात. त्रिकोण म्हणजे प्ले, चौकोन म्हणजे स्टॉप, दोन उभ्या रेघा म्हणजे पॉज, लाल ठिपका म्हणजे रेकॉर्ड. काकूंच्या घरी अजून टेपरेकॉर्डर आहे, त्यामुळे त्या म्हणाल्या, "हे मला येतंय गं." गोंधळ नेमका तिथेच होतो. टेप थांबवली की जिथे थांबली तिथेच राहते. ऑडॅसिटीत स्पेसबार दाबून प्ले थांबवलं की कर्सर मुळात जिथून प्ले सुरू केलं होतं तिथे परत जातो. पुन्हा स्पेस दाबला की तेच वाक्य पहिल्यापासून. काकूंना वाटलं लॅपटॉप बिघडला.

बिघाड नाही, सोय आहे. एकच तुकडा परत परत ऐकून तपासायचा असेल तर हेच हवं. जिथे थांबलो तिथेच कर्सर ठेवायचा असेल तर स्पेसऐवजी एक्स दाबायचा. एवढा एक फरक हाताला बसला की निम्मं काम झालं असं माझं मत आहे. ऐकताना स्पेस, कापायची जागा शोधताना एक्स.

प्ले चालू असताना डावा-उजवा बाण म्हणजे एक सेकंद मागे-पुढे, शिफ्ट धरून बाण म्हणजे पंधरा सेकंद. होम दाबलं की सुरुवात, एंड दाबलं की शेवट. एखादा भाग निवडलेला असेल तर स्पेस तेवढाच भाग वाजवतो आणि गप्प बसतो, "पुढचं रेकॉर्डिंग कुठं गेलं?" हा प्रश्न आज कॉलेजच्या मुलाने विचारला, त्याचं उत्तर हेच. कुठेतरी माऊस ओढला गेलेला असतो.

५ जून

पॉजबद्दल वेगळं लिहून ठेवते, कारण नवीन माणूस सगळ्यात आधी इथे अडतो.

पी दाबून रेकॉर्डिंग पॉज केलं आणि पुन्हा पी दाबलं की त्याच ट्रॅकवर पुढे सुरू होतं. भोंगा वाजला, थांबलो, गाडी गेली, चालू. इथवर पॉज चांगला. पण पॉजमध्ये असताना प्रोग्रॅमच्या दृष्टीने रेकॉर्डिंग चालूच असतं. त्यामुळे कापता येत नाही, इफेक्ट लावता येत नाही, मेनूतल्या निम्म्या ओळी राखाडी होतात. आज चहाच्या सुट्टीत मुलगा नॉइज रिडक्शन (मागची खरखर कमी करणारा इफेक्ट) शोधत बसला होता, ते निवडताच येईना. स्टॉप दाबल्यावर मेनू जिवंत झाला.

नियम: पॉज फक्त वाचक श्वास घेईपर्यंत किंवा गाडी जाईपर्यंत. त्याहून मोठं काही असेल तर स्टॉप.

स्टॉपनंतर आर दाबला की निवडलेल्या ट्रॅकच्या शेवटाला पुढचं रेकॉर्डिंग जोडलं जातं. शिफ्ट-आर दाबलं की खाली नवा ट्रॅक उघडतो. आपल्याला एका पाठाला एक ट्रॅक हवा, म्हणून आर. शिफ्ट-आर फक्त दुरुस्त्यांसाठी, त्याबद्दल पुढे.

पातळी: काकू जोरात बोलतात तेव्हा मीटरचं टोक उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील असं माइकचं बटण लावून त्यावर पट्टी चिकटवली आहे. कुणीही हलवायचं नाही.

९ जून

दोन पाठ वाचून झाले. क्षेत्रभेट सरळ गेला. स्थान-विस्तारमध्ये अक्षांश-रेखांशांचे आकडे आले की काकू अडखळतात, मग "थांब, परत घेते" म्हणतात, आणि ते "थांब, परत घेते" सुद्धा रेकॉर्ड होतं. अशा जागा नंतर शोधायला दादाला फार वेळ लागतो. मी सुचवलं की चुकल्यावर माइकजवळ टिचकी वाजवा. पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात उंच टोक दिसतं, तिथे कापायचं. दादा म्हणाला, "तुला दिसतं गं. मला ऐकत जावं लागणार."

बरोबर आहे. मग त्यानेच शिफ्ट-डी काढलं: पंच अँड रोल. ऑडॅसिटीत २.३ पासून, म्हणजे २०१८ पासून आहे, पण पट्टीवर त्याचं बटण नसल्यामुळे कुणाला माहीत नसतं.

ते असं चालतं. वाचक चुकला की स्टॉप. शेवटचं बरोबर वाक्य जिथे संपतं, त्याच्या पुढच्या शांत जागेत कर्सर ठेवायचा. शिफ्ट-डी. कर्सरच्या आधीची पाच सेकंदं हेडफोनमध्ये वाजतात, आणि कर्सरच्या जागी आलं की आपोआप रेकॉर्डिंग सुरू होतं. वाचकाने स्वतःचाच आवाज ऐकत, त्याच लयीत, पुढचं वाक्य उचलायचं. जोडावर दहा मिलिसेकंदांचं मिश्रण तो स्वतः करतो, त्यामुळे टक् असा आवाज येत नाही. पाच सेकंद आणि दहा मिलिसेकंद हे दोन्ही आकडे प्रेफरन्सेसमध्ये बदलता येतात; आम्ही पाचचे तीन केले, कारण काकूंना पाच सेकंद थांबणं जमेना, त्या आधीच सुरुवात करायच्या.

आलापात मागचा सूर पकडून गवय्या पुढे जातो, काकूंचं आज तसं झालं. "पिको दी नेब्लीना" हे ब्राझीलमधलं सर्वोच्च शिखर त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. स्टॉप, कर्सर मागे, शिफ्ट-डी, परत. शेवटी नीट आलं आणि आधीच्या वाक्याशी असं जुळलं की जोड कुठे आहे ते मलाही सांगता आलं नाही. दिवसाअखेरी फाईल जवळजवळ तयार. कापाकापी उरलीच नाही म्हटलं तरी चालेल.

एक धोका लाल अक्षरात: शिफ्ट-डी दाबलं की त्या ट्रॅकवर कर्सरच्या उजवीकडचं सगळं जातं. चूक नुकतीच शेवटाला झालेली असेल तेव्हा हे ठीकच आहे, कारण उजवीकडे फक्त चुकीचं वाक्य असतं. पाठाच्या मधलं एक वाक्य आठवड्यानंतर दुरुस्त करायचं असेल तर शिफ्ट-डी वापरायचं नाही. तेव्हा शिफ्ट-आरने खाली नव्या ट्रॅकवर वाक्य घ्यायचं आणि वर नेऊन चिकटवायचं. चुकून दाबलंच तर कंट्रोल-झेड, ताबडतोब.

आणि हेडफोन सक्तीचे. स्पीकरवर मागची तीन सेकंदं वाजली तर तीच खोलीत घुमून नव्या रेकॉर्डिंगच्या तोंडाशी येतात.

११ जून

पंच अँड रोलच्या जोडांवर पहिलं अक्षर अर्धवट येतंय. "भारताची" ऐकू येतं "आरताची". काकूंचा दोष नाही, त्या वेळेवर सुरू करतात.

कारण लेटन्सी. माइकमधला आवाज संगणकात पोचायला आणि हेडफोनमधला बाहेर पडायला थोडा वेळ लागतो, म्हणून ऑडॅसिटी नवं रेकॉर्डिंग ठरावीक अंतर मागे सरकवून लावतो. ते अंतर मूळ सेटिंगमध्ये उणे १३० मिलिसेकंद असतं. आपल्या यंत्राचा खरा उशीर त्याहून कमी असेल तर आवाज गरजेपेक्षा जास्त मागे सरकतो, आणि जोडाच्या आत घुसलेला तेवढा भाग कापला जातो. "भ"सारखं अक्षर सुरुवातीच्या क्षणभरातच असतं. तेवढं गेलं की उरतो फक्त "आ".

मोजायची रीत: भरपाईचा आकडा शून्य करायचा. जनरेट मेनूतून रिदम ट्रॅक करायचा, म्हणजे टक्-टक् असा ठेका. हेडफोनचा एक कान माइकला चिकटवून धरायचा आणि शिफ्ट-आरने दुसऱ्या ट्रॅकवर तो ठेका रेकॉर्ड करायचा. त्यासाठी ओव्हरडब, म्हणजे रेकॉर्ड करताना बाकीचे ट्रॅक वाजू देण्याचा पर्याय, चालू हवा. मग दोन्ही ट्रॅकवरच्या एकाच ठोक्यामधलं अंतर निवडून बघायचं. आमच्याकडे ते ९० मिलिसेकंदांच्या आसपास आलं. ऑडिओ सेटिंग्जमध्ये उणे ९० टाकलं. "भारताची" परत "भारताची" झाली.

माइक बदलला किंवा लॅपटॉप बदलला की हे पुन्हा मोजायचं. सॉफ्टवेअर प्लेथ्रू मात्र बंदच ठेवायचं, नाहीतर वाचकाला स्वतःचा आवाज उशिराने कानात येतो आणि तो तोतरा बोलायला लागतो.

१३ जून

काकू नाहीत. मुलाने साउंड ॲक्टिव्हेटेड रेकॉर्डिंग लावून बघितलं: आवाज ठरावीक पातळीच्या वर गेला की रेकॉर्डिंग चालू, खाली आला की आपोआप थांबतं. कल्पना छान की मधल्या शांत जागा येतच नाहीत. प्रत्यक्षात "हवामान" चं "अवामान" झालं. ह आणि स यांची सुरुवात इतकी हलकी असते की उंबरठा ओलांडेपर्यंत ते अक्षर निघून गेलेलं असतं. पातळी उणे ५० डेसिबलवरून आणखी खाली आणली तर तंबोरा त्याला चालू करतो. बंद केलं. वाक्यांमधल्या शांत जागा तशाही हव्यातच, मुलांना लिहून घ्यायचं असतं.

१७ जून

पाऊस. पलीकडच्या गोठ्यावर पत्रा आहे. रेकॉर्डिंग नाही. दादाच्या शेजारी बसून त्याची पद्धत बघितली, ती लिहून ठेवते.

त्याने आधी प्रेफरन्सेसमध्ये कीबोर्डच्या पानावर जाऊन स्टँडर्डऐवजी फुल संच लावला. मूळ संचात काही शॉर्टकट वगळलेले असतात. त्याला लागणारे शिफ्ट-एफ५ ते शिफ्ट-एफ८ हे त्यांतलेच.

"लोकसंख्येची घनता म्हणजे म्हणजे" अशी दुरुक्ती होती. त्याने प्ले केलं, दुसरं "म्हणजे" सुरू होताना डावा चौकटी कंस दाबला, संपताना उजवा. वाजत असतानाच त्या दोन जागी निवडीची डावी-उजवी कड बसली. मग स्टॉप. आता कडा बरोबर आहेत का? शिफ्ट-एफ५ ने निवडीच्या आधीचा थोडासा तुकडा ऐकला, एफ६ ने निवड सुरू झाल्यानंतरचा, एफ७ ने ती संपायच्या आधीचा, एफ८ ने संपल्यानंतरचा. एफ५ मध्ये "म्ह" चा अगदी बारीक श्वास ऐकू आला, म्हणजे कड किंचित उशिरा बसली होती. त्याने ती मागे सरकवली. मला पडद्यावर बघूनही तो श्वास सापडला नव्हता.

मग सी. याला कट प्रिव्ह्यू म्हणतात: निवडलेला भाग गाळून, आधीची दोन सेकंदं आणि नंतरचं एक सेकंद सलग वाजवून दाखवतो. अजून काहीच कापलेलं नसतं, फक्त कापल्यावर कसं लागेल ते ऐकायला मिळतं. पटलं तर डिलीट. दादाने सी दाबला, मान हलवली, उजवी कड थोडी अलीकडे घेतली, परत सी, डिलीट.

मी विचारलं, कापून बघून कंट्रोल-झेड का नाही करत? "कापलं की मग कुठं कापलं ते हुडकत बसावं लागतं. सी मध्ये निवड जागेवर राहते." हे डोळसांनीही शिकण्यासारखं आहे. आम्ही आलेख बघून कापतो आणि श्वासाचे तुकडे तसेच सोडतो.

२० जून

खुणा. पाठातल्या उपशीर्षकांना लेबल लावली की शेवटी त्या लेबलांवरून वेगवेगळ्या फायली आपोआप निघतात. मुलाला "हवामान" मधला ठरावीक भाग थेट उघडता यायला हवा. वाजत किंवा रेकॉर्ड होत असताना कंट्रोल-एम दाबलं की त्या क्षणाला लेबल पडतं. थांबलेलं असताना कंट्रोल-बी.

सापळा: लेबल पडल्यावर त्यात नाव लिहायची जागा उघडी राहते. एंटर दाबून ती बंद केल्याशिवाय स्पेस दाबला तर रेकॉर्डिंग थांबत नाही, लेबलच्या नावात एक मोकळी जागा वाढते. काकू "झालं गं" म्हणून उठल्या, मी स्पेस दाबला, आणि पुढची सगळी चहाची चर्चा भूगोलात गेली. लेबल, एंटर, मग स्पेस. लॅपटॉपच्या कडेला चिकटवलं आहे.

दादा लेबलांवरून आल्ट धरून उजव्या बाणाने उड्या मारत जातो. प्रत्येक उडीला एनव्हीडीए नाव वाचतो, त्यामुळे नावात "भाग ३" असं लिहून काही उपयोग नाही. उपशीर्षक पूर्ण लिहायचं.

२३ जून

आज सगळ्यांना वाटलं प्रोग्रॅम अडकला. काकूंचं एकच वाक्य परत परत वाजायला लागलं. टाइमलाइनच्या वरच्या अर्ध्या पट्टीत माऊस ओढला गेला होता, तिथे लूप तयार होतो. एल दाबलं की लूप बंद. ३.१ पासून लूपची ही पद्धत आली आहे. एखादा उच्चार तपासायला लूप फार उपयोगाचा आहे, पण चुकून लागला की माणूस घाबरतो.

२७ जून

पडताळणी ऐकणं. पुस्तक हातात धरून पूर्ण रेकॉर्डिंग ऐकायचं, हे सगळ्यात कंटाळवाणं काम. प्ले-ॲट-स्पीडचा सरकता दांडा १.३ वर ठेवला. त्याने वेग वाढतो तसा सूरही वर चढतो, जुन्या टेपसारखा. काकूंचा आवाज शाळकरी मुलीचा होतो. शब्द चुकलाय का एवढंच ऐकायचं असेल तर हरकत नाही. ऱ्हस्व-दीर्घ, श-ष तपासायचे असतील तर मूळ वेगावरच. सूर न बदलता वेग हवा असेल तर फाईलची प्रत काढून चेंज टेंपो इफेक्ट लावायचा, पण मूळ फाईलवर नाही.

दादा एनव्हीडीए ज्या वेगाने ऐकतो त्या वेगाने मला मराठी आहे की कानडी हेही कळत नाही. त्याला १.३ म्हणजे झोप येते. तो १.८ वर ऐकतो, आणि माझ्या नजरेतून सुटलेला "अजस्र कडा" चा "अजस्त्र कडा" त्यानेच पकडला.

चुका सापडल्या की वाजवणं थांबवायचं नाही, कंट्रोल-एम आणि दोन शब्द, एंटर, पुढे. दुरुस्त्या सगळ्या शेवटी एकत्र, शिफ्ट-आरने.

१ जुलै

पाच पाठ पूर्ण. फायली कुणाला द्यायच्या यावर चर्चा झाली, कारण एका पालकांनी "यूट्यूबवर टाका ना" म्हटलं. टाकणार नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अपंग व्यक्तींना वापरता येईल अशा स्वरूपात प्रत करायला परवानगी आहे, आणि दृष्टिहीनांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत यासाठीचा आंतरराष्ट्रीय मराकेश करार मान्य करणारा भारत पहिला देश, २०१४ साली. पण ती मुभा त्या वाचकांसाठी आहे, सगळ्या जगासाठी नाही. फायली शाळेकडे आणि नोंदणी केलेल्या मुलांकडेच जातील.

३ जुलै

काकूंनी आज पहिल्यांदा स्वतः लॅपटॉप चालवला. चुकल्या, स्टॉप, मागे बाण, शिफ्ट-डी, आणि माझ्याकडे न बघता पुढचं वाक्य. फक्त कर्सर शांत जागेऐवजी शब्दाच्या मध्यावर ठेवतात, त्यामुळे कधी कधी "लोकसंख्या" अर्धी जुनी अर्धी नवी येते. स्टॉपऐवजी एक्स दाबायचा आणि वाक्य संपल्यानंतरची सपाट रेघ बघून तिथे क्लिक करायचं, असं ठरलं.

उद्या लोकसंख्येचा पाठ पुढे. वयोगटाचे मनोरे आणि तक्ते आहेत. दादाचं म्हणणं तक्ता स्तंभाने नाही, ओळीने वाचायचा, आणि प्रत्येक ओळीआधी वर्ष सांगायचं. नाहीतर ऐकणाऱ्याला कुठला आकडा कुणाचा ते कळत नाही. मनोऱ्याचं वर्णन काकू रात्री लिहून आणणार आहेत. भोंग्याच्या वेळा पाहून बैठक २.२० ला सुरू.